गोंयकार असे, भायले तसे, रशियन तर विचारूच नका : ठोकताळ्यांपायी अडलेली बोलणी

डिचोलीकरीण

गोव्यात बार्देशच्या किनारपट्टीवरच्या एका हॉटेलात नव्या कर्मचाऱ्यांना कामाचं वळण लावणं ही माझी नोकरी. रिसेप्शन, हाउसकीपिंग, रेस्टॉरंट, तिन्हीकडची मुलं माझ्याकडे येतात. सत्तरी-पेडण्याची असतात, ओडिशा, आसाम, मणिपूर, दार्जिलिंगची असतात, किचनात गढवाली. पहिल्या आठवड्यात ती माझ्याकडून चादर घालायला शिकतात आणि एकमेकांकडून गेस्ट ‘ओळखायला’ शिकतात. रशियन उद्धट. दिल्लीवाले कटकटे. म्हातारं इंग्रज जोडपं म्हणजे टिप नक्की. गुजराती कुटुंब दिसलं की त्यांनी तोंड उघडायच्या आधी बिनकांद्याची भाजी तयार.

गेस्टही काही कमी नाहीत. गोव्याचा माणूस म्हणजे दुपारी झोपणारा, संध्याकाळी पिणारा आणि बहुतेक ख्रिस्ती. माझ्या कपाळावरची टिकली बघून ‘तुम्ही मूळच्या कुठल्या?’ असं विचारणारे रोज भेटतात. इथलीच, डिचोलीची, म्हटलं तरी समाधान होत नाही. त्याआधी कुठल्या?

असे शिक्के मारणं वाईट, माणूस दुखावतो, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यासाठी धागा काढला नाही. मला कामावर दिसतं ते थोडं वेगळं आहे. शिक्का मारला की कामाची माहितीच इकडून तिकडे पोचत नाही.

एक परदेशी जोडपं राहून गेलं. त्यांच्या खोलीत एसीचं पाणी गळत होतं. मुक्कामभर त्यांनी टॉवेल खाली टाकून दिवस काढले, एका शब्दाने सांगितलं नाही. गेल्यावर इंटरनेटवर सविस्तर लिहिलं. त्यात वाक्य होतं की गोव्यात सगळं संथ चालतं हे ठाऊक असल्यामुळे सांगून उपयोग नाही असं वाटलं. आता गंमत बघा. त्यांचा समज आमच्याबद्दल वाईट नव्हता हो, कौतुकाचाच होता! निवांत माणसं, कशाला त्रास द्या. आमचा प्लंबर खाली रिकामा बसला होता.

त्याच मोसमात एका दिल्लीच्या बाईंनी गरम पाणी येत नाही म्हणून फोन केला. डेस्कवरच्या मुलाने नोंदच केली नाही. का, तर दिल्लीवाले आल्यावर काही ना काही बोलतातच. गीझर जळला होता. वायरचा वास दुसऱ्या दिवशी हाउसकीपिंगच्या मुलीला आला.

रशियनांचं तर सांगूनच टाकते. त्यांच्याकडे अनोळखी माणसाला बघून हसायची पद्धत नाही, उगाच हसणारा माणूस त्यांना बनेल वाटतो. आणि काही मागायचं तर सरळ ‘पाणी द्या’ असं मागतात, सोबत ‘कृपया’ असतं, पण ते इंग्रजीत येताना वाटेत गळतं. आपणही पसऱ्यावर, म्हणजे वाण्याच्या दुकानात, जाऊन ‘अर्धा किलो कांदे द्या’ असंच म्हणतो की. इंग्रजीत तेच वाक्य हुकूम वाटतं. मुलगा दुखावतो, पुढच्या वेळी मान वर न करता चावी सरकवतो, समोरचा आणखी तुटक होतो, आणि मुलगा मला येऊन सांगतो, ‘बघा मॅडम, सांगितलं होतं ना?’

तुमच्याकडे, म्हणजे इस्पितळात, बँकेत, शाळेत, वाड्यावर, काय दिसतं? लिहा. नुसतं ‘सगळी माणसं सारखीच’ असं लिहू नका, ते मलाही येतं.

---

कोपेल

वाचतेय. सवडीने लिहिते. तोपर्यंत ‘त्याआधी कुठल्या?’ या प्रश्नाला माझ्याकडून एक नमस्कार.

---

पर्वरीकर_नवा

छान विषय. मी मूळचा सातारचा, बदलीवर इथे आलो, बँकेत आहे. माझी दोन्हीकडून कोंडी आहे. साताऱ्यातले मित्र म्हणतात, मजा आहे बुवा, रोज समुद्र. मी सूर्यास्ताच्या वेळी कॅश टॅली करत असतो. इकडे शेजारी घाटी म्हणतात, तोंडावर नाही पण कानावर येतं. म्हापशाच्या बाजारात मी मराठीत भाव विचारतो आणि उत्तर हिंदीत येतं. मराठी कळत नाही असं नाही, शेजारच्या मावशीशी मराठी सिरियलवर बोलणं चाललेलं असतं. मराठीचा एवढा राग का?

---

फोंडेकर_मास्तर

पर्वरीकर, राग आहे असं तुम्ही ठरवून टाकलंत, इथेच धाग्याचा विषय आला. बाजारातली ती बाई दिवसभर शंभर परक्यांना हिंदीतून भाव सांगते. तुमचा पेहराव, पिशवी धरायची तऱ्हा, मासळीला बोट न लावता भाव विचारणं, यावरून तुम्ही भायले, म्हणजे बाहेरचे, हे तिने आधीच ताडलं आणि भायल्यांसाठीची भाषा लावली. यात भाषेचं राजकारण शोधू नका.

मात्र राजकारण नाहीच असंही नाही. तुमच्या पिढीला आणि घाटापलीकडच्यांना हे सांगावं लागतं म्हणून थोडं सांगतो. १६ जानेवारी १९६७ ला इथे सार्वमत झालं. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की संघप्रदेश, म्हणजे केंद्रशासित प्रदेश, म्हणून वेगळं राहायचं. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. वेगळं राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मतं पडली, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा. मी लहान होतो, पण घराघरांतली भांडणं आठवतात. एका अंगणात फूल आणि कुंपणाच्या पलीकडे दोन पानं, आणि मधल्या विहिरीवर बायका एकमेकींशी बोलत नाहीत. पुढे ऐंशीच्या दशकात राजभाषेचं आंदोलन पेटलं, ४ फेब्रुवारी १९८७ ला राजभाषा कायदा झाला. देवनागरी कोंकणी राजभाषा, मराठीला सरकारी कामकाजात वापराची तरतूद. त्याच वर्षी ३० मेला घटक राज्य.

एवढा इतिहास मागे असल्यावर काय होतं? मराठी वाचणारा गोंयकार दिसला की काही कोंकणीप्रेमी मनातल्या मनात त्याला विलीनीकरणवाला ठरवतात. कोंकणीचा आग्रह धरणारा दिसला की आमचे काही मराठीप्रेमी त्याला मराठीद्वेष्टा ठरवतात. मग कुठल्याही बैठकीत दोघे ग्रंथालयाच्या वेळेबद्दल बोलायला बसले तरी एकमेकांच्या ६७ सालाशी बोलत असतात. ग्रंथालयाची वेळ राहते बाजूला. हे मी शिक्षकांच्या बैठकांत आयुष्यभर पाहिलं.

माझ्या घरी बोलणं कोंकणीत, भांडण तर कोंकणीतच. कीर्तन मराठी, जत्रेतलं नाटक मराठी, वर्तमानपत्र मराठी. २०११ च्या जनगणनेत गोव्यात मातृभाषा कोंकणी सांगणारे ६६ टक्क्यांच्या आसपास आणि मराठी सांगणारे ११ टक्क्यांच्या आत होते. आमच्यासारख्या घराने कुठल्या रकान्यात जायचं ते गणकालाच विचारा.

---

पर्वरीकर_नवा

मास्तर, हे फूल आणि पानं मला कोणी सांगितलंच नव्हतं. बँकेतल्या एका सहकाऱ्याशी माझं काही केल्या जमत नाही, आता त्याच्या जागेवरून विचार करून बघतो. धन्यवाद.

---

खरं_सांगू_का

सगळे गोड गोड बोलतायत म्हणून मी कडू बोलतो. माझ्या कळंगुटच्या बाजूला भाड्याच्या खोल्या आहेत. मुलांचा गट, भाड्याच्या स्कूटर, बरोबर तो मोठा स्पीकर, एवढं दिसलं की पुढे काय होणार हे मला ठाऊक असतं. बाटल्या गटारात, पंख्याचं पातं वाकडं, रात्री शेजारी माझ्या दारात. हा अनुभव आहे, ठोकताळा नव्हे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. फुंकू नको म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्या खोल्या चालवून बघाव्यात. गोव्याचं जे काही झालंय ते बघता भायल्यांबद्दल चांगला विचार करायचा ठेका गोंयकारांनीच का घ्यावा?

---

तारवटी_काका

बाबा, तुझं म्हणणं खोटं नाही, पण अर्धं आहे. मी निवृत्त बोटीवरचा माणूस. इंजिन रूममध्ये आयुष्य गेलं. मालवाहू बोटीवर विसेक माणसं असतात आणि त्यात तीन-चार देश. आमच्या वेळी फिलिपिनो, युक्रेनी, आपले, कधी पोलिश कॅप्टन. तिथे प्रत्येक देशावर शिक्का ठरलेला. फिलिपिनो कधी नाही म्हणत नाही, युक्रेनी ऐकत नाही, भारतीय वाद घालतो, गोंयकार गातो आणि पितो. मी गात नाही. पीत होतो, ते सोडा.

एका बोटीवरची गोष्ट. एका ऑइलरने, म्हणजे यंत्रांना तेल घालणाऱ्या खलाशाने, पंपाचा आवाज बदललाय म्हणून दोनदा सांगितलं. सेकंड इंजिनियर म्हणाला, हे लोक घाबरट असतात, ह्यांना सगळीकडे आवाज ऐकू येतात. तिसऱ्यांदा तो ऑइलर बोललाच नाही. बेअरिंग गेलं आणि आम्ही भर समुद्रात अख्खी रात्र पंप उघडून बसलो. नशीब, दुसरा पंप चालू होता.

बोटीवर यावर उपाय काय केला? माणसं सुधारायच्या भरवशावर कोणी बसलं नाही. बोलायची पद्धतच बांधून टाकली. ब्रिजवर, म्हणजे जिथून बोट चालवतात तिथे, हुकूम आला की सुकाणूवरचा माणूस तो हुकूम शब्द न् शब्द परत म्हणतो, सुकाणू फिरवतो आणि झालं म्हणून पुन्हा सांगतो. नुसतं ‘येस सर’ चालत नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली बोटीवरच्या बोलण्यासाठी ठरावीक इंग्रजी वाक्यांचा संचच मंजूर केला, ब्रिजवर पाळी करणाऱ्या अधिकाऱ्यांना तो यावाच लागतो. त्यात प्रश्नाला प्रश्न म्हणून सांगायचं, सूचनेला सूचना म्हणून सांगायचं. समोरचा कुठल्या देशाचा आहे, त्याचा सूर कसा लागला, हा उद्धट की नम्र, हे ओळखण्याची गरजच पडू नये अशी ती व्यवस्था. मनातले शिक्के जातात का? नाही जात. जेवणाच्या टेबलावर तेच विनोद चालतात. पण बोट खडकावर जात नाही.

---

डिचोलीकरीण

काका, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून डेस्कमागे लावते! परत म्हणून दाखवायचं हे आमच्याकडे रूम सर्व्हिसच्या ऑर्डरला आहे, तक्रारीला नाही. का नाही हे मलाही आजवर सुचलं नव्हतं.

---

रात्रपाळी

मी दक्षिण गोव्यात एका इस्पितळात नर्स. घर सांग्याचं. तरी अर्धे रुग्ण मला केरळची समजून ‘सिस्टर, तुमच्याकडे पाऊस कसा आहे?’ विचारतात. मी पण सांगते, बरा आहे.

बांधकामावरचे मजूर आमच्याकडे येतात, झारखंडचे, ओडिशाचे. बरोबर मुकादम असतो आणि तोच बोलतो. ‘सिस्टर, ह्यांना सुट्टी पाहिजे असते, दुखतंय म्हणतात.’ आता रुग्णाची घरची भाषा संथाली नाहीतर सादरी, त्याची हिंदी कामापुरती, माझी हिंदी सिनेमापुरती. दुखतंय का? हो. कमी झालं? हो. गोळी घेतली? हो. सगळ्याला हो. मग आमच्यातले काही म्हणतात, हे लोक नीट सांगतच नाहीत.

ते नीट सांगत नाहीत कारण शेजारी मुकादम उभा आहे आणि हजेरी त्याच्या हातात आहे. झारखंडशी याचा काय संबंध? मुकादमाला चहाला पाठवायचं, ही पहिली पायरी. मग हो-नाहीचे प्रश्न विचारायचेच नाहीत. गोळ्या त्याच्या हातात द्यायच्या आणि रात्री काय घेणार, सकाळी काय घेणार, ते त्यानेच दाखवायचं. तारवटी काकांच्या सुकाणूवाल्यासारखंच झालं हे. एकदा एकाने तिन्ही वेळच्या गोळ्या एकत्र मुठीत धरून तोंडाकडे नेल्या. तोवर प्रत्येक प्रश्नाला त्याचं ‘हो’च होतं.

लमाणी बायकांबद्दल तर विचारू नका. किनाऱ्यावर माळा विकतात म्हणून लोक ज्या नजरेने बघतात तीच नजर वॉर्डमध्येही येते. दाखल झाली की आधी शेजारची पेशंट पर्स उशीखाली घालते. ती बाईही बघते. मग ती आमच्याशी काय बोलणार?

---

चष्मेवाली

मी मानसशास्त्र शिकवते. धाग्यात जे चाललंय त्यावर बरंच संशोधन झालेलं आहे, त्यातलं मोजकंच सांगते. वर्गात बसल्यासारखं वाटलं तर थांबवा.

डिचोलीकरीणने रशियन गेस्टचं जे सांगितलं ना, की आपण तुटक वागतो, समोरचा तुटक होतो, आणि आपलं खरं ठरतं, त्यावर १९७७ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात मार्क स्नायडर आणि सहकाऱ्यांनी फार नेटका प्रयोग केला. मुलगे आणि मुली एकमेकांना न बघता फोनवर दहा मिनिटं बोलणार. मुलाच्या हातात आधी एक फोटो दिला, ही तुझ्याशी बोलणार म्हणून. फोटो भलत्याच मुलीचा. काहींना देखणीचा, काहींना देखणी नसलेलीचा. फोनवरच्या मुलींना या फोटोंचा पत्ताच नव्हता. मग फक्त मुलींचं बोलणं रेकॉर्डवर तिऱ्हाइतांना ऐकवलं. ज्यांना मुलांनी देखणी समजलं होतं त्या खरोखरच जास्त मोकळ्या, प्रेमळ, गप्पिष्ट वाटल्या. मुलाच्या मनातला फोटो मुलीच्या आवाजात उतरला होता, आणि हे दोघांनाही कळलं नव्हतं. म्हणून ‘अनुभव आहे’ हा पुरावा थोडा सांभाळून घ्यावा लागतो. अनुभवात आपलाही हात असतो.

आता खरं_सांगू_का यांच्यासाठी. १९७६ चा हॅमिल्टन आणि गिफर्ड यांचा प्रयोग आहे. दोन काल्पनिक गट, एक मोठा, एक लहान. दोन्हींत चांगल्या-वाईट वागण्याचं प्रमाण अगदी सारखं ठेवलं. तरी वाचणाऱ्यांना लहान गट जास्त वाईट वाटला. कारण लहान गट आधीच नजरेत भरतो, वाईट वागणंही कमी असल्यामुळे नजरेत भरतं, आणि दोन्ही एकत्र आले की डोक्यात पक्कं बसतं. काळ्या पाटीवर पिवळ्या आकड्यांची भाड्याची स्कूटर चुकीच्या बाजूने आली की लक्षात राहते. चुकीच्या बाजूने आलेला आपल्या पंचायतीचा पंच लक्षात राहत नाही.

---

खरं_सांगू_का

पंच लक्षात राहतो हो. बोलत नाही इतकंच.

आणि मॅडम, तुमच्या प्रयोगातली मुलं काल्पनिक गट वाचत होती. माझं पंख्याचं पातं काल्पनिक नाही.

---

चष्मेवाली

मान्य. समूहाबद्दलचे काही अंदाज बऱ्यापैकी बरोबर निघतात हेही संशोधनात आलेलं आहे, ते मी लपवणार नाही. पण अंदाज समूहाचा आणि दार वाजवतो एकटा माणूस. त्याच्याबद्दल विचारून घेता येत असेल तर अंदाज लागतोच कशाला? जिथे विचारायला वेळ नाही तिथे अंदाज येणारच. तुमच्याकडे तर बुकिंगला फोन येतो.

---

कोपेल

सवड मिळाली. मी पेडण्याकडची, ख्रिस्ती, मराठी प्राथमिक शाळेत शिकलेली. हे वाक्य लिहिलं की महाराष्ट्रातली माणसं ते दोनदा वाचतात. ‘तुमचं मराठी किती छान!’ अहो, फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट इथे साष्टीत राहून मराठी ओव्या लिहीत होता, त्याचं क्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. माझं मराठी छान असेल तर त्यात नवल कसलं? आणि छान नसेल तर शाळेला बोल लावा, धर्माला नको.

हिंदी सिनेमाने आम्हाला काय करून ठेवलंय ते सगळ्यांना माहीत आहे. फ्रॉकवाली आंटी, हातात ग्लास, मोडकी हिंदी, बाप बेवडा, मुलगी सगळ्यांशी गोड. मुंबईत नोकरीला होते तेव्हा ऑफिसच्या पार्टीत माझ्या हातात न विचारता ग्लास यायचा. माझ्या घरात कोणी पीत नाही, आजोबांनी पिऊन जमीन घालवली तेव्हापासून. पण नको म्हटलं की समोरच्याला वाटायचं, ही रागावली. आता हे पार्टीत उभं राहून कोणाला सांगत बसायचं?

पण मला खरं सलतं ते दुसरंच. वाईट शिक्क्याशी भांडता तरी येतं. चांगल्या मनाने मारलेल्या शिक्क्याचं काय करायचं? माझ्या शाळेतल्या शिक्षिका हळदीकुंकवाला मला बोलवत नाहीत. मुद्दाम टाळत नाहीत, उलट मला अवघड वाटू नये म्हणून. मी नाताळच्या दुपारी त्यांना जेवायला बोलवत नाही, त्यांना आमच्या घरचं चालणार नाही म्हणून. गणपतीत नेवऱ्या येतात, नाताळात माझं बेबिंक-दोदोल, आमचं गोडधोड, जातं, पण ताटल्या फाटकावरच फिरतात. मी त्यांच्या घरात मखर किती मोठं आहे ते अजून पाहिलेलं नाही, गणपतीवर टांगतात त्या माटोळीला काय काय बांधतात ते फोटोत बघते. सगळे एकमेकांचा मान ठेवतायत आणि कोणी कोणाला विचारत नाही.

आमच्या आज्यांना असला संकोच नव्हता. म्हापशाची मिलाग्रिस सायबीण, म्हणजे मेरीमाता, आणि शिरगावची लईराई देवी सख्ख्या बहिणी, असं दोन्ही धर्मांच्या बायका मानत आल्या. मिलाग्रिसच्या फेस्ताला हिंदू बायका तेल घेऊन रांगेत उभ्या असतात. कुंकळ्ळीच्या सांत्र्यांना, म्हणजे बारा छत्र्यांच्या उत्सवाला, दोन्हीकडचे लोक असतात. तिथे कोणी ‘तुम्हाला चालेल ना?’ विचारायला थांबत नाही.

आणि ख्रिस्ती म्हणजे एकच चोळी सगळ्यांना, असंही नको. साष्टीचा भाटकार म्हणजे जमीनदार, केपेचा गावडा म्हणजे आदिवासी, किनाऱ्यावरचा खारवी म्हणजे मासेमार, यांचं आपसात जेवढं जमतं तेवढंच जमतं.

---

गावठी_राजा

एवढं मोठं कोण वाचणार? सगळं पुस्तकी. ज्याला गोवा आवडत नाही त्याने जावं परत.

---

फोंडेकर_मास्तर

राजे, ‘आवडत नाही’ असं या धाग्यावर कोणी म्हटलंय ते दाखवा, मग पुढे बोलू.

---

चष्मेवाली

कोपेल, तुमच्या फाटकावरच्या ताटलीवरून गॉर्डन ऑलपोर्ट आठवला. १९५४ मध्ये त्याने मांडलं की वेगवेगळे लोक नुसते जवळ आले म्हणून पूर्वग्रह उतरत नाहीत. दोघांचा दर्जा बरोबरीचा पाहिजे, काम एक पाहिजे, ते मिळून केलं पाहिजे, आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा पाहिजे. पुढे २००६ साली पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी ५१५ अभ्यास एकत्र तपासले. संपर्काने पूर्वग्रह बहुधा कमीच होतो असं निघालं, या चार गोष्टी नसल्या तरी थोडा होतो, असल्या तर जास्त.

आता गोवा बघा. इथे संपर्काची कमी आहे का? जगातलं कोण येत नाही? पण एक पैसे देणारा आणि एक ट्रे धरणारा. एक घरमालक, एक भाडेकरू. एक रुग्ण मजूर, एक मुकादम. बरोबरीने बसणं फार कमी. तारवटी काकांच्या बोटीवरही पट्ट्यांची उतरंड होती, पण बोट सगळ्यांची एकच होती, बुडाली तर सगळे बुडणार.

---

पर्वरीकर_नवा

बरोबरीचं ठिकाण मला एक सापडलंय. आमच्या वाड्यावरचं फुटबॉलचं मैदान. तिथे मी घाटी नाही, नुसता वाईट गोलकीपर आहे. कोंकणीतल्या शिव्या मी तिथेच शिकलो, आणि त्या बँकेतल्या कोंकणीपेक्षा लवकर आल्या.

---

तारवटी_काका

शिव्या आल्या म्हणजे घरात घेतलं समज.

---

खरं_सांगू_का

बरं, तत्त्वज्ञान झालं. मला शनिवारी सहा मुलांचा गट आहे, इंदूरहून. स्पीकर आणणार हे मी लिहून देतो. डिचोलीकरीणबाय, तुम्ही हॉटेलवाल्या, सांगा काय करू. नाही म्हणू की येऊ देऊ?

---

डिचोलीकरीण

येऊ द्या. पण आल्यावर ‘तुम्ही लोक’ हे दोन शब्द तोंडातून काढू नका, सगळी गंमत तिथे बिघडते. आमच्याकडे चालतं ते सांगते. नियम सगळ्यांना तेच, आजी-आजोबा आले तरी तेच, आणि ते बुकिंगच्या वेळीच. अनामत सगळ्यांकडून सारखी. रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर हा तुमचा नियम नाही, देशाचा कायदा आहे, तसंच सांगा. आणि एक प्रश्न विचारा, रात्री किती वाजता परत येणार आणि आल्यावर बसणार कुठे? आमच्या अनुभवात निम्मा गोंगाट बसायला जागा नसते म्हणून होतो. खोलीत सहाजण मावत नाहीत, मग जिन्यात बसतात.

---

रात्रपाळी

आणि उत्तर त्यांच्याकडून परत म्हणून घ्या! ‘हो अंकल’वर जाऊ नका.

---

खरं_सांगू_का

गट येऊन गेला. तुम्हाला विचारलं होतं म्हणून लिहितो.

स्पीकर आणला. मी म्हटलंच होतं. पण तुमचा तो बसण्याचा प्रश्न विचारला तेव्हा त्यातला एक म्हणाला, अंकल, गच्ची मिळेल का? गच्चीवर आमच्या वाळवणाच्या चटया असतात, त्या बायकोने काढल्या, मला चार शब्द ऐकवून. दहाला स्पीकर बंद झाला, पुढे गाणी म्हणत बसले, बेसूर. शेजाऱ्याचा फोन आला तो साडेअकराला, रविवारी आला नाही. एक ग्लास फुटला, त्याचे पैसे अनामतीतून कापले, बाकी परत केले. बाटल्या पोत्यात भरून फाटकाशी ठेवल्या होत्या, हे मात्र मला अपेक्षित नव्हतं.

माझं मत बदललेलं नाही. पुढच्या आठवड्यात बेळगावचा गट आहे, त्यांनाही गच्चीचं विचारणार.

---

कोपेल

गच्चीचं वेगळं भाडं लावणार की खोलीतच? माझे सात चुलतभाऊ डिसेंबरात येतायत. मी आधीच सांगून ठेवते, दोघे पितात, पाच नाहीत, आणि गाणारे सगळेच.

---

खरं_सांगू_का

खोलीतच धरतो. गिटार आणणार का ते आधी सांगा.